कानाशी धरलेला डबा

डबा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पोळी-भाजी येत असेल, मित्रांनो. माझ्यात पोळी कधी आली नाही. मी भाताचा डबा आहे. ॲल्युमिनियमचा, लांबट, गोल कोपऱ्यांचा, घट्ट झाकणाचा. निदान एके काळी ते घट्ट बसायचं. आता त्या झाकणाला दोन भोकं आहेत. ती कशी पडली हे सांगायचं तर मला एका मुलीची गोष्ट सांगावी लागेल. तिची गोष्ट वगळली तर माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं फारसं उरत नाही.

सिचुआनमधल्या एका कारखान्यात पत्र्यावर साचा दाबला गेला आणि मी झालो. नदीकाठच्या एका गावातल्या रेशीम गिरणीने नव्या वर्षाला कामगारांना डबे वाटले, त्यात मी लुओ पेईफेनच्या वाट्याला आलो. तिने खिळ्याने माझ्या झाकणावर आपलं आडनाव कोरलं. कोरणं भागच होतं. गिरणीच्या भटारखान्यात सगळ्यांचे डबे एकाच वाफेवर चढत, आणि जेवणाची घंटा झाली की जो तो आपापला हुडकत असे.

पेईफेनच्या हातांसारखे हात मी पुन्हा पाहिले नाहीत. समोरच्या कुंडात कढत पाणी, त्यात रेशमाचे कोष तरंगत. प्रत्येक कोषाचं एक बारीक टोक असतं, ते सापडलं की अख्खा धागा उलगडतो. पेईफेन शेजारणीशी गप्पा मारता मारता, कुंडाकडे न बघता, ते टोक बोटांनी उचलायची. पाण्याने तिची बोटं कायम फुगलेली, पांढरी, भेगाळलेली असत. त्याच बोटांनी ती माझ्यात तांदूळ धुऊन घालायची, वर मोहरीच्या पाल्याचं लोणचं, सुक्या मिरच्या, आणि कधी गिरणीतून मिळालेले, कोषातून निघालेले किडे तळून. मला त्या तळणीचा वास फार आवडायचा. ते माझे सुखाचे दिवस होते.

तिचा नवरा फू दाचुंग धक्क्यावर हमाली करायचा. एकदा पोती उचलताना त्याची पाठ धरली आणि तेव्हापासून त्याला हलकी कामं देऊ लागले. हलकं काम म्हणजे हलकी किंमत. धक्क्यावरचे लोक त्याला 'म्हातारी' म्हणायचे. तो हसून सोडून द्यायचा आणि घरी येऊन गप्प बसायचा. त्यांची एकच मुलगी, यानछिउ. घरात सगळे तिला छिउ म्हणत. आईच्या मांडीवर बसून कोषाचं टोक शोधायला ती बोलायला लागायच्या आधी शिकली होती.

एकोणऐंशी सालच्या वसंतात गावात एक बातमी आली. दुसऱ्या जिल्ह्यातला एक पोरगा म्हणे कानाने वाचतो. कागदावर काही लिहा, गोळी करा, त्याच्या कानाशी धरा, तो अक्षर सांगतो. वर्तमानपत्रात आलं, मग गावोगावची पोरं कागदाच्या गोळ्या कानात घालून फिरू लागली. छिउ तेव्हा नऊ वर्षांची होती. अंगणात पोरांचा तोच खेळ चालला होता. कुणीतरी कागदावर एक शब्द लिहून माझ्यात टाकला, झाकण लावलं आणि मला तिच्या हातात दिलं. तिने मला कानाशी धरलं, डोळे मिटले, मग म्हणाली, "अंधार लागतो," आणि मला आपल्या जाड कोटाच्या आत घेतलं.

आत काय झालं ते मी सांगतो, कारण तिथे फक्त मीच होतो. तिने अंगठ्याच्या नखाने माझं झाकण केसभर उचकटलं, मला जरा कलतं केलं आणि कोटाच्या गळ्यातून खाली एक नजर टाकली. झाकण परत बसलं तेव्हा टिकसुद्धा वाजलं नाही.

"बैल," ती म्हणाली. "निळ्या शाईने लिहिलंय."

पोरं थक्क झाली. तिला हसू आवरेना. तो खेळ होता, मित्रांनो, दुसरं काही नव्हतं. पण दारात दाचुंग उभा होता, आणि मुलीचं हसू त्याला दिसलंच नाही. त्याला दिसली फक्त थक्क झालेली पोरं.

आठवडाभरात धक्क्यावरचे लोक त्याच्या अंगणात बसायला येऊ लागले. त्याला 'म्हातारी' म्हणणारे आता 'दाचुंगदादा' म्हणू लागले. शाळेचे मुख्याध्यापक आले, मग जिल्ह्याचे अधिकारी आले. दर वेळी कागद, दर वेळी मी, दर वेळी तो जाड कोट, ऊन तापलं तरी. आपल्या बापाला ताठ बसलेलं छिउने पहिल्यांदाच पाहिलं होतं. खेळ थांबवायचा कसा हे तिला कळेना.

पेईफेनने एकदाही विचारलं नाही. एका संध्याकाळी जेवताना तिची नजर मुलीच्या अंगठ्यावर गेली. नखाखाली काळी रेघ होती. ॲल्युमिनियम घासलं की काळं सुटतं. तिने मुलीला हात धरून चुलीशी नेलं आणि राखेने नख घासून स्वच्छ केलं. छिउ खाली मान घालून उभी राहिली.

मग जीप आली. लष्कराच्या हिरव्या गणवेशातले दोघे उतरले. त्यातला मोठा अधिकारी शाओ, त्याला सगळे शाओ प्रमुख म्हणत. त्याने छिउची परीक्षा घेतली आणि दाचुंगला सांगितलं की मुलीची देशाला गरज आहे. ती जीप दोन दिवस गावातच होती. त्या दोन दिवसांत पेईफेन नवऱ्याशी जे बोलली ते मी फडताळातून ऐकलं.

"छिउच्या बाबा, त्यांना सांगा. आत्ताच सांगा, हसतील आणि जातील."

"काय सांगू? माझी पोरगी लबाड आहे म्हणून? लष्कराला फसवलं म्हणून? त्याची शिक्षा ठाऊक आहे तुला?"

"तुम्हाला माहीत होतं?"

दाचुंगने दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "मला काही माहीत नाही. आणि तुलाही नाही."

असा मी छिउबरोबर जीपमध्ये बसलो. आईने मला तिच्या हातात दिलं तेव्हा माझ्यात भात भरलेला होता. माझ्यात शिजलेला तो शेवटचा भात.

डोंगरात एक जुनं आरोग्यधाम होतं, क्षयाच्या रोग्यांसाठी बांधलेलं. तिथे लष्कराची ही संशोधन तुकडी होती. तिला काहीतरी लांबलचक नाव होतं, पण फाटकावरचे शिपाई तिला 'कानवाले' म्हणत. कुणी उशिरा आला की म्हणत, "कानवाल्यांना विचारा, तो कुठे आहे ते." तिथे धुकं इतकं की सूर्य दिसला तर कुत्री भुंकतात, अशी त्या भागाची थट्टा आहे. छिउसारखी आणखी काही मुलं तिथे होती. कुणी बोटाने वाचायचं, कुणी काखेत कागद धरून. जेवायला एका टेबलाशी बसत, पण एकमेकांच्या डोळ्यांत बघत नसत. प्रत्येकाची काहीतरी युक्ती असावी आणि प्रत्येकाला वाटत असावं की बाकीचे खरे आहेत, आपणच तेवढे खोटे.

शाओ प्रमुख दुष्ट माणूस नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. त्याच वर्षी सीमेवरच्या लढाईत त्याची माणसं दाट जंगलात आंधळ्यासारखी चालत गेली होती आणि टेकडीपलीकडून झालेल्या माऱ्यात मेली होती. पलीकडे काय आहे हे सांगणारं कुणी नव्हतं. तेव्हापासून त्याला एकच ध्यास होता, टेकडीपलीकडे पाहणारा डोळा. तो छिउला संत्र्याच्या साखरपाकातल्या साली आणून द्यायचा. म्हणायचा, "आज डब्यातलं वाचतेस, उद्या शत्रूच्या तिजोरीतलं वाचशील, परवा डोंगरापलीकडचं. मग कुणाचा मुलगा उगाच मरणार नाही." छिउ साल चघळत मान डोलवायची. तिला तो आवडायचा.

तपासणीचं काम न्ये डॉक्टरांकडे होतं. कानाच्या डॉक्टर, मध्यम वयाच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पहिल्याच महिन्यात मला उजेडात धरलं आणि झाकणाच्या कडेवरचे नखाचे ओरखडे पाहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या झाकणाला आणि कडेला दोन-दोन भोकं पाडून घेतली आणि त्यांत दोन लहान कुलुपं घातली.

त्या दिवसापासून छिउला एकही शब्द सांगता आला नाही.

न्ये डॉक्टरांनी ते शाओ प्रमुखाला सांगितलं, स्पष्ट शब्दांत. तो म्हणाला, समोर अविश्वासू माणूस बसला की मुलांची शक्ती आक्रसते, हे सगळ्यांनाच माहीत आहे. तेव्हापासून परीक्षेच्या खोलीत डॉक्टरांना बसायची मनाई झाली. कुलुपं राहिली, पण ती नुसती अडकवलेली असत. किल्ली कुणी फिरवत नसे. छिउने मला कोटात घेतलं की ती डुलांसारखी लोंबायची. आणि तिला पुन्हा शब्द दिसू लागले. वरच्या कार्यालयातून पाहुणे आले, त्यांनी टाळ्या वाजवल्या. शाओ प्रमुखाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला खरंच कळत नाही, मित्रांनो, त्याने त्या उघड्या कुलुपांकडे पाहिलं नव्हतं का, की पाहून मान वळवली होती.

पाहुण्यांच्या समाधानासाठी कागदाच्या गोळ्या थेट कानातही घालत. वरून कापूस, वरून मेण. कधी एखादी गोळी आत राहून जायची. छिउचा डावा कान ठणकू लागला, मग वाहू लागला. न्ये डॉक्टरांनी औषध दिलं आणि महिनाभर काही घालू नका असं बजावलं. महिना कुणी पाळला नाही.

अशी तीन वर्षं गेली. छिउ बारा वर्षांची झाली. एका दुपारी ती मला घेऊन शाओ प्रमुखाच्या खोलीत गेली. तिच्या कानात कापूस होता आणि चेहरा त्या बाजूने सुजलेला.

"शाओ काका, मला घरी जायचंय," ती म्हणाली. "मला काही ऐकू येत नाही डब्यातून. मी उघडून बघते."

तो हातातलं काम ठेवून तिच्याकडे पाहत राहिला. "हे तुला कुणी शिकवलं? न्ये डॉक्टरांनी?"

"कुणी नाही. बघा."

आणि तिने त्याच्या समोर, कोट न घालता, दिवसाउजेडी ते करून दाखवलं. माझं झाकण नखाने उचकटलं, कलतं केलं, पाहिलं, बसवलं. एकदा, आणि मग आणखी सावकाश, त्याला नीट कळावं म्हणून. मोकळ्या उजेडात ती युक्ती इतकी साधी दिसत होती की मलाच लाज वाटली.

तो उठला, तिच्यापुढे उकिडवा बसला. त्याचा आवाज मऊ होता. "हे बघ पोरी. शक्ती थकली की मोठमोठी माणसंसुद्धा हातचलाखी करतात. त्यात लाजायचं काही नाही. पण त्याचा अर्थ शक्तीच नाही, असा होत नाही."

"नाहीये ना पण."

"आहे. तुझा तुझ्यावर विश्वास नाही, एवढंच. माझा आहे."

त्याने तिला संत्र्याच्या सालीची पुडी दिली आणि दार उघडून धरलं. व्हरांड्यात न्ये डॉक्टर उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. छिउ त्यांच्या समोरून गेली. त्यांनी बाजूला सरून तिला वाट दिली.

त्याच वर्षी वसंतात पश्चिमेच्या डोंगरांत लष्कराचं एक हेलिकॉप्टर हरवलं. ढग खाली उतरले होते, बिनतारी यंत्रावरचा आवाज मध्येच तुटला. आत चार माणसं होती. दोन खोरी होती, एक उत्तरेला, एक दक्षिणेला, आणि अजून बर्फ वितळलं नव्हतं. शोधायला माणसं मोजकी होती. आधी कुठे पाठवायची, असा प्रश्न होता. वरून कुणीतरी शाओ प्रमुखाला फोन करून विचारलं, तुझी पोरं काय म्हणतात? इतकी वर्षं खर्च केली, आता दाखव.

टेबलावर नकाशा पसरला. चौघांची नावं एका कागदावर लिहून माझ्यात ठेवली आणि मला छिउच्या हातात दिलं.

"मला नाही माहीत," ती म्हणाली.

शाओ प्रमुख ओरडला नाही. सगळे थांबले होते. फोनचा चोंगा बाजूला काढून ठेवला होता, पलीकडे कुणीतरी वाट पाहत होतं. "ती माणसं थंडीत आहेत, छिउ," तो म्हणाला. "त्यांच्या आया आहेत. नुसतं बोट ठेव."

ती रडली. मला कानाशी धरून, चांगल्या कानाशी, तिने खरंच ऐकायचा प्रयत्न केला. माझ्यात एक कागद होता, बाकी काही नव्हतं. मला आवाज असता तर मी सांगितलं असतं, पण मलाही ठाऊक नव्हतं. शेवटी तिने नकाशावर बोट ठेवलं. दक्षिणेच्या खोऱ्यात एक तळं होतं, निळ्या रंगाने काढलेलं. नकाशावर त्यातल्या त्यात ओळखीचं वाटावं असं तेवढंच होतं, कारण ती नदीकाठची मुलगी होती.

शोधपथकं दक्षिणेला गेली. हेलिकॉप्टर उत्तरेला पडलं होतं. उन्हाळ्यात याक चारणाऱ्या एका माणसाला ते सापडलं. दोघे पडताक्षणीच गेले होते. उरलेल्या दोघांनी काही दिवस काढले होते. त्यांनी आसनं फाडून शेकोटी केली होती, मग नकाशे, मग बूट. राखेचे ढीग एकामागून एक होते, आणि शेवटचा अगदी लहान.

छिउला हे कुणी सांगितलं नाही. पण शिपायांच्या भटारखान्यात सगळं बोललं जातं, आणि तिचा एक कान चांगला होता.

शाओ प्रमुखाने वर कळवलं की मुलीची शक्ती वयाबरोबर ओसरली आहे. त्याची बदली झाली, काही महिन्यांत मुलांना घरोघर पाठवलं. न्ये डॉक्टरांनी सामानाच्या ढिगातून मला उचललं, कुलुपं काढली आणि छिउच्या पिशवीत घातलं. म्हणाल्या, "आईचा आहे ना? ने." एवढंच.

गाव विसरलं नव्हतं. धक्क्यावर लोक दाचुंगला विचारायचे, "काय रे, माझी कोंबडी हरवलीय. पोरीला विचारून सांगतोस का?" त्याचं ताठ बसणं गेलं, आणि पाठ बरी नसतानाही तो पुन्हा पोती उचलायला लागला. छिउकडे बघायचं तो टाळायचा. मरेपर्यंत तो तिला एवढंच म्हणाला की त्या डोंगरात तुला निदान पोटभर मिळत होतं ना. ती म्हणाली, मिळत होतं.

डावा कान कायमचा गेला. पेईफेनने तिला गिरणीत लावलं. मायलेकी शेजारशेजारच्या कुंडांशी बसत. पुढे गिरणी बंद पडली, पेईफेन वारली, आणि छिउने धक्क्याच्या पायऱ्यांशी शेवयांची गाडी टाकली. झाकणाला भोकं पडलेला डबा जेवणाला चालत नाही. माझ्यात ती तिरफळासारखी, जिभेला मुंग्या आणणारी मिरी ठेवू लागली. भोकांतून वास सुटायचा आणि गिऱ्हाईक थबकायचं. इतक्या वर्षांनी मी पुन्हा कुणाच्या तरी जेवणाच्या कामी आलो होतो.

एका सकाळी एक म्हातारी बाई होडीतून उतरली, विचारत विचारत गाडीशी आली आणि बाकावर बसली. नेमकी छिउच्या डाव्या बाजूला. तिने हळू आवाजात काहीतरी विचारलं. छिउ शेवया उकळत राहिली. बाईने गाडीला हात टेकला आणि पुन्हा विचारलं, आता मोठ्याने, बाकीच्या गिऱ्हाइकांसमोर.

"माझा मुलगा त्या हेलिकॉप्टरमध्ये यंत्रं बघायचा. वेन तियानबाओ. तुला दूरचं दिसतं म्हणतात. त्याला शेवटी फार थंडी वाजली का, तेवढं सांग."

छिउने झारा खाली ठेवला. गिऱ्हाइकांनी खाणं थांबवलं.

मला वाटलं, ती म्हणेल, नाही मावशी, तो झोपेत गेला. अशी उत्तरं तिच्या जिभेवर लहानपणापासून तयार असत. समोरच्याला काय ऐकायचंय हे ओळखणं, हीच तिची विद्या होती. आणि ते उत्तर दिलं असतं तर मी तिला दोष दिला नसता.

"मला काही दिसत नाही, मावशी," ती म्हणाली. "कधीच दिसलं नाही. मी झाकण उघडून बघायची. त्या दिवशी मी नकाशावर उगाच बोट ठेवलं, आणि त्यांना मी ठेवलं तिकडे शोधलं."

बाईचा हात गाडीवरच होता.

"तुझं वय काय होतं?"

"बारा."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं," छिउ म्हणाली.

बाई बाकावर तिच्याकडे वळली. मग विचारलं, "कुणाला?"

"शाओ प्रमुखांना. त्यांच्यासमोर उघडून दाखवलं होतं."

छिउने तिच्यापुढे वाटी ठेवली. तिने ती खाल्ली नाही, पण दोन्ही हातांनी धरून ठेवली, निवेपर्यंत. मग उठली आणि होडीकडे गेली. तिने माफ केलं असं मी म्हणणार नाही. मला तसं वाटलं नाही. पायऱ्या उतरताना ती एकदा थांबली, पण मागे वळली नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूने शेवटी काहीतरी मागावं असा रिवाज आहे. मला घासून पुसून ठेवा असं मी मागत नाही. मी पत्रा आहे, मला पोचे चालतात. मागणं एवढंच आहे. एखादं मूल तुमच्यापुढे येऊन म्हणालं की मला हे येत नाही, मी खोटं केलं, मला घरी जाऊ द्या, तर तुमचा त्याच्यावर कितीही विश्वास असला तरी तो क्षणभर बाजूला ठेवा, आणि ते काय म्हणतंय ते ऐका. तुम्हाला ते पटणार नाही. ते तुमच्या फार दिवसांच्या आशेवर पाणी ओतत असेल. तरीही ऐका. उत्तरेच्या खोऱ्यात कुणीतरी आपले बूट जाळत बसलेलं असू शकतं.